फक्त ५,४४१ नग

अपोलो १३ हे यान १९७० साली चंद्राकडे निघालं, वाटेत त्याची प्राणवायूची टाकी फुटली, चंद्र राहिला बाजूला आणि आतले तिघे १४२ तास, ५४ मिनिटं, ४१ सेकंदांनी जिवानिशी परत आले. या प्रकरणातून काय शिकावं यावर इंजिनिअर मंडळी आजही बोलतात. ओमेगा या स्विस घड्याळ कंपनीने २००३ साली त्यातून हिशेब काढला. तास सोडून द्यायचे, मिनिटं आणि सेकंद शेजारी शेजारी लिहायचे: ५,४४१. तेवढीच घड्याळं बनवायची. नुसते तास धरले असते तर १४२ नगांत धंदा झाला नसता, आणि सगळे आकडे सलग लिहिले असते तर सव्वाचौदा लाख घड्याळांना ‘दुर्मीळ’ म्हणताना विक्रेत्याचीही जीभ अडखळली असती.

याला लिमिटेड एडिशन म्हणतात. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या चाळिसाव्या वर्षी ७,९६९ नग निघाले, पंचेचाळिसाव्या वर्षी १,९६९ आणि पन्नासाव्या वर्षी ६,९६९. मर्यादा असते, पण दर पाच वर्षांनी नवी असते. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या मुदतीही इतक्या निष्ठेने वाढत नाहीत.

मुळात हे घड्याळ अवकाशासाठी जन्मलंच नव्हतं. ओमेगाचं हे स्पीडमास्टर १९५७ साली आलं ते मोटारींच्या शर्यतीवाल्यांसाठी. त्याच्या कडेवर गाडीचा वेग मोजायचे आकडे अजून आहेत. चंद्रावर त्यांचा काय उपयोग, असं विचारणाऱ्याला या वर्तुळात पुन्हा चहाला बोलवत नाहीत. १९६४ मध्ये नासाने कंपन्यांकडून मनगटी घड्याळं मागवली, तर एकीने चक्क खिशातलं घड्याळ पाठवलं. निविदा न वाचता भरणारे सगळीकडेच असतात. उरलेल्यांचा रीतसर छळ झाला: ७१ अंशांत दोन दिवस, वर ९३ अंशांत अर्धा तास, मग उणे १८, मग ४० जीचे धक्के, आणि ९५ टक्के दमट हवेत २४० तास, म्हणजे साधारण जुलैतली डोंबिवली. ओमेगा तगलं आणि १ मार्च १९६५ रोजी पास झालं.

हे सगळं सोसलेल्या घड्याळाचे वारस आज बँकेच्या लॉकरमध्ये राहतात. संग्राहक ते घालत नाही. मागच्या झाकणावरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढत नाही, कारण काढला की भाव उतरतो. चावी देत नाही, कारण मशीन झिजेल. आता २०२० सालचं स्नूपीवालं घ्या. त्याच्या पाठीवर चंद्र कोरलाय, मागे निळी पृथ्वी आहे. स्टॉपवॉच चालू केलं की छोट्याशा यानात बसलेला कार्टूनमधला स्नूपी कुत्रा चंद्राला वळसा घालून बाहेर येतो, आणि पृथ्वी एरवीही स्वतःभोवती मिनिटाला एक फेरी मारते. करामत खरोखर देखणी आहे. पण ती पाठीवर आहे, म्हणजे घड्याळ मनगटावर असताना तो सोहळा फक्त कातडीला दिसतो. आणि लॉकरमध्ये तर कुत्राही झोपलेला.

हे स्नूपीवालं घड्याळ कागदोपत्री मर्यादित नाही. तरी दुकानात जाऊन बघा. ‘सर, आमच्याकडे तुमची हिस्टरी नाही.’ हिस्टरी म्हणजे आधी आमची न खपणारी चार घड्याळं घ्या, मग या घड्याळासाठी तुमचा विचार होईल. डोनेशन देऊन ॲडमिशन घेतलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अपोलो १३च्या परतीच्या वाटेवर इंजिन १४ सेकंद पेटवायचं होतं आणि ती वेळ यानातल्या जॅक स्विगर्टने मनगटावरच्या स्पीडमास्टरने मोजली. म्हणून २०१५ च्या आवृत्तीत तबकडीच्या कडेला, शून्य ते चौदाच्या खुणांमध्ये, बारीक अक्षरांत प्रश्न छापलाय की १४ सेकंदांत तुम्ही काय करू शकाल. तिघांनी जीव वाचवला. गिऱ्हाईक कार्डाचा पिन टाकतं.

ज्यांचं बजेट एवढं नाही त्यांच्यासाठी २०२२ च्या मार्चमध्ये स्वॉचने मूनस्वॉच काढलं. दिसायला तेच, किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास, आणि अंग सिरॅमिकची भुकटी व एरंडेलापासून केलेलं प्लास्टिक यांच्या मिश्रणाचं. लंडनपासून सिंगापूरपर्यंत रांगा लागल्या, काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. आजी एरंडेल घेऊन मागे लागायची तेव्हा आपण माडीवर पळायचो. तेच एरंडेल मनगटावर बांधायला माणसं रात्रभर फुटपाथवर झोपली. पुढच्या वर्षी सेकंदकाट्याला सोन्याचा मुलामा दिला आणि ते घड्याळ फक्त पौर्णिमेला विकायला काढलं. प्रसादाचा शिरा तेवढा राहिला.

या सगळ्या इतिहासात मनाचा मोठेपणा दाखवला तो दोघांनी. १९६९ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनला मेजवानी झाली आणि अंतराळवीरांना सोन्याची स्पीडमास्टर देण्यात आली. पहिला नंबर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी होता, दुसरा उपाध्यक्ष ॲग्न्यू यांच्यासाठी. इतकी महागडी भेट पदावरच्या माणसाला घेता येत नाही म्हणून दोघांनीही ती नाकारली. पुढे ॲग्न्यू यांनी ठेकेदारांकडून घेतलेल्या पैशांच्या प्रकरणात १९७३ साली राजीनामा दिला आणि निक्सन यांनी १९७४ साली वॉटरगेटमध्ये. घड्याळाच्या बाबतीत मात्र दोघेही स्वच्छ राहिले, हे चरित्रकारांनी ठळक छापायला हवं.

आकड्यांतून घड्याळं विकायची ही विद्या आपल्याला जमली नाही. १९७५ साली आर्यभट हा पहिला उपग्रह सोडला आणि त्याचं चित्र छापलं कुठे, तर दोन रुपयांच्या नोटेवर. ना नंबरी डबी, ना वेटिंग लिस्ट. मासळीबाजारात ओल्या हातांनी फिरला बिचारा. निदान चांद्रयान ३ ने तरी सुधारावं. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं: १,८०४ नगांची सोय आयती झाली आहे. खर्च ६१५ कोटींच्या घरात, म्हणजे सोन्यातले ६१५ नग वेगळे. आणि चांद्रयान २ चा विक्रम लँडर आदळला म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. न उतरलेल्या यानाच्या घड्याळांना कसा भाव येतो ते अपोलो १३ ने दाखवून दिलंच आहे.

राहता राहिलं खरं घड्याळ. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवताना आर्मस्ट्राँगच्या हाताला घड्याळ नव्हतं. यानातला टायमर बिघडला म्हणून त्याने आपलं आत ठेवलं होतं. मागून उतरलेल्या ऑल्ड्रिनच्या हातावर होतं, म्हणजे चंद्रावर चाललेलं पहिलं घड्याळ ते. पुढे ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत गहाळ झालं आणि आजतागायत सापडलेलं नाही. उद्या कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत निघालंच, तर आमच्या संग्राहक मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

‘बॉक्स-पेपर आहेत का?’