दिसला म्हणायचं!

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या बघायला ऐन फेब्रुवारीत, उणे वीस अंशांत, हौशी मंडळींची रीघ लागते. तिथल्या रुंबक गावाच्या वाटेवर स्थानिक वाटाड्या पहाटेपासून तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो. पाहुणे तंबूत गरम पाण्याची पिशवी कवटाळून पडलेले. मग हाक येते आणि दुर्बिणीमागे रांग. समोर राखाडी कडा, त्यावर राखाडी ठिपका. “ते बघा, शेपूट हललं!” आपल्याला काही हललेलं दिसत नसतं. पण मागचा माणूस खाकरतो, लाखांत भरलेले पैसे आठवतात, आणि तोंडून आपसूक “अहाहा!” निघतं. ज्यांच्यावर बिबट्याचं पोट चालतं त्या भरळांकडे (कळपच्या कळप समोर चरतोय!) कोणी ढुंकूनही बघत नाही.

2024 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत लडाखमध्ये 477 हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मोजले तर जास्तच भरतील.

हिमबिबट्या मेंढ्या मारतो म्हणून पूर्वी गावकरी त्याच्या जिवावर उठत. आता त्याच्याच जिवावर त्यांचे होमस्टे चालतात. तेव्हा जाणारच असाल तर तंबू सोडा, गावातल्या घरी उतरा. बिबट्या दिसो न दिसो, पैसे तरी योग्य खिशात जातील.