भास, प्रति चौरस फूट

मुंबईत घर मोठं करायचे दोनच मार्ग. एक, पैसे मोजून मोठं घर घ्यायचं. दुसरा, आहे त्याच घरात आरसा लावायचा. पहिला मार्ग बँकेला मान्य होत नाही, म्हणून दुसऱ्याचं शास्त्र झालं. या शास्त्राचे जाणकारही आपली फी चौरस फुटावरच लावतात. न मिळालेल्या जागेचे पैसे ‘सुपर बिल्ट-अप’च्या नावाखाली बिल्डर घेऊन गेला, ती जागा असल्यासारखी वाटावी म्हणून उरलेले इंटिरिअरवाला घेतो.

या कलेचे आद्य गुरू अर्थातच बिल्डर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजला जात नसे. त्यामुळे मुंबईला एकाएकी फुलांचं वेड लागलं. हॉलला फ्लॉवर बेड, बेडरूमला फ्लॉवर बेड, कुठं कुठं स्वयंपाकघरालाही फ्लॉवर बेड. ताबा मिळाला की खिडकी पुढं सरकायची आणि मोगऱ्याच्या जागी कपाट उभं राहायचं. शेवटी जानेवारी २०१२मध्ये, सुबोध कुमार पालिका आयुक्त असताना, नियम बदलले. फ्लॉवर बेड, बाल्कनी, व्हॉइड असं सगळं चटईक्षेत्रात धरलं जाऊ लागलं आणि बदल्यात निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्के जादा चटईक्षेत्र, म्हणजे फंजिबल एफएसआय, मिळू लागलं. त्या दिवसापासून बिल्डरांची फुलांची आवड जी संपली ती संपलीच.

मग २०१६चा रेरा कायदा आला आणि कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी त्यात धरायची नाही. आतल्या भिंतींखालची जागा मात्र धरायची. म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या भिंतीखालची जागा तुमची. कायदेशीर, पैसे भरलेली, हक्काची. फक्त तिथं भिंत आहे.

इंटिरिअरवाला नेमकी तीच भिंत काढून काच लावायला सांगतो. हॉलमध्ये रात्री सासू-सासरे झोपतात, हे त्याच्या थ्रीडी चित्रात नसतं. त्या चित्रात एक लॅपटॉप, एक कॉफीचा मग आणि एकटीच एक तरुणी असते. चारजणांच्या कुटुंबानं हे चित्र पसंत करायचं असतं.

बाकीचे उपाय पाठ झाल्यासारखे असतात. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सोफा पांढरा. फिक्या रंगानं उजेड पसरतो आणि खोली मोठी वाटते, यात खोटं काही नाही. पण पांढऱ्या सोफ्यावर बसायची मग घरात कुणालाच परवानगी उरत नाही. मुलं जमिनीवर, आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि सोफ्यावर गुलाबी फुलांची जुनी चादर. छत उंच वाटावं म्हणून पीओपीचं फॉल्स सीलिंग करतात. त्यात उंचीतले सहा इंच खरोखरचे जातात आणि वाटण्यातले परत येतात. स्वयंपाकघर ओपन केलं की हॉल मोठा होतो. सुक्या बोंबलांचा वासही मोठा होतो, तो थेट बेडरूमपर्यंत राहायला जातो.

आरसा हा या सगळ्यांतला हुकमी एक्का. खिडकीसमोर लावला की उजेड वाढतो आणि बाहेरचं दृश्य घरात येतं, असं सांगतात. दृश्य असेल तर येईल. आपल्या खिडकीतून दिसतं ते समोरच्या इमारतीतलं स्वयंपाकघर, तेही इतकं जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपण आपला गॅस बंद करतो. आरसा लावल्यावर ते स्वयंपाकघर दोन्ही बाजूंना दिसू लागतं. शिवाय खोलीत पाच पाहुणे बसले की आरशात आणखी पाच. चहा पाचच कप लागतो, एवढीच काय ती बचत.

मिटणाऱ्या फर्निचरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच खोली असेल तर ती निदान साडेनऊ चौरस मीटर हवी. म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा पलंग त्यातले ३९ खातो. यावर उत्तर म्हणून भिंतीत मिटणारा पलंग. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीनं तो शंभर वर्षांपूर्वी लोकप्रिय केला. त्याच्या पलंगावर दुपारी कुणी झोपत नसावं. आपल्याकडे त्यावर दोन ते पाच आजोबा असतात, आणि आजोबांसकट पलंग मिटवायची सोय त्यानं केलेली नाही. भिंतीवर मिटणारं टेबल तर मिटलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्यावर कायम इस्त्रीचे कपडे असतात. हायड्रॉलिक बेडचं झाकण उघडायला आधी त्यावरच्या गाद्या, उशा आणि अभ्यास करणारं मूल उतरवावं लागतं, म्हणून वर्षभरात ते एकदाच उघडतं. गणपतीचं मखर काढायला.

तिथून आपण मूळ दुखण्याशी येतो. सामान कमी करा, हा इंटिरिअरवाल्याचा सल्ला फुकट असतो आणि तेवढाच खरा असतो, म्हणूनच तो कुणी ऐकत नाही. कसं कमी करणार? माळ्यावर एका बॅगेत दुसरी आणि दुसरीत तिसरी बॅग आहे. लग्नात आलेला, अजून न उघडलेला डिनर सेट आहे. टीव्ही बिघडला तर लागेल म्हणून ठेवलेला खोका आहे. टीव्ही बिघडून भंगारात गेला, खोका शाबूत. माळा भरला की खिडकीबाहेर बॉक्स ग्रिल. मुंबईतला खरा वाढीव एफएसआय तोच. त्यात तुळस, पाण्याचा पिंप, एसीचं बाहेरचं युनिट, मुलाची लहानपणीची सायकल, आणि आग लागली तर बाहेर पडायला मात्र जागा नाही. एवढं झाल्यावर आतल्या भिंतीवर ‘लेस इज मोअर’ अशी पाटी लावतात. पाटीला फळी आहे, फळीवर तीन शोभेच्या वस्तू.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या संसार झाले, तेही इंटिरिअरवाल्याशिवाय. युक्ती सोपी होती. अर्धं घर घराबाहेर. मुलं पॅसेजमध्ये झोपत, अभ्यास जिन्याच्या दिव्याखाली, गप्पा कठड्यावर, आणि संडास सामाईक. यात रम्य काही नव्हतं. बादली घेऊन सकाळच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. पुनर्विकासात त्यांना आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. चाव्या हातात पडताच पहिला फोन पीओपीवाल्याला गेला असेल तर मी तरी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची तर सँपल फ्लॅटला. तिथं बऱ्याचदा दारंच नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. भिंती प्लायवूडच्या, पातळ. पलंग सुतारानं मापापेक्षा लहान केलेला. त्यावर उशा इतक्या की लांबी कळू नये. कपाटाच्या जागी कपाटाचं चित्र. आणि हसतमुख सेल्सवाला उभा असतो तो तुम्ही ज्या कोपऱ्यात जाऊ नये त्या कोपऱ्याच्या बरोबर आड.

तेव्हा पुढच्या रविवारी घर बघायला जाणार असाल तर एवढं करा. फोटो काढू नका, मोजपट्टी न्या. करारातला कार्पेट एरिया वाचा, आणि त्यातला भिंतीखाली किती जातो ते तिथल्या तिथं विचारा. त्या लहानग्या पलंगावर सगळ्यांसमोर पाय ताणून आडवे व्हा. आणि बरोबर घरातला सर्वांत जाड माणूस न्यायला विसरू नका. स्वयंपाकघरात तो वळू शकला तर टोकन द्या.