बसलेल्या दुकानाचा भाष्यकार

साताऱ्याच्या राजपथावर, मोती चौक ते पोवई नाका या पट्ट्यात, दुकान बसले की त्याचा मालक उठून शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जातो आणि सकाळच्या चहाबरोबर बुडण्याची मीमांसा सुरू करतो. लोक त्याला अजूनही 'शेठ' म्हणतात, कारण दुकान गेले तरी पदवी जात नाही.

या मीमांसेत कारण दुकानापेक्षा मोठे आणि शक्यतो दिल्लीत घडलेले असावे लागते. म्हणून 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी त्याला प्रिय, 1 जुलै 2017 चा जीएसटी त्याहून प्रिय, आणि मार्च 2020 ची टाळेबंदी तर निर्विवाद. स्थानिक कारणांत ग्रेड सेपरेटर, म्हणजे वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत म्हणून पोवई नाक्याखालून काढलेला रस्ता, पहिला येतो: काम चालू होते तोवर गिऱ्हाईक अलीकडे अडकत होते, आणि 2021 मध्ये मार्ग खुला झाल्यापासून ते भुयारातून परस्पर पसार होते. 2019 चा महापूरही तो सोडत नाही. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले होते आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी चिखल उपसून दुकाने पुन्हा उघडली. पण ते पाणी प्रवाहाच्या उलट साताऱ्यापर्यंत कसे चढले, हे शेठला विचारणे सभ्यपणाचे समजले जात नाही.

वही मात्र या मीमांसेत कधी उघडली जात नाही. दिवसाच्या गल्ल्यातून मालाची किंमत, भाडे, पगार आणि व्याज वजा केल्यावर उरेल तोच नफा, हा भेद मुलीच्या लग्नाच्या धामधुमीत मागे पडला. पडून राहिलेला माल, म्हणजे ज्यात भांडवल अडकून फिरायचे थांबते तो, पुढच्या दिवाळीच्या भरवशावर माळ्यावर चढला. आणि निम्मी उधारी पाहुण्यांकडे गेली, जिथे मागणे बरे दिसत नाही. शिवाय दुकान दुपारी एक ते चार बंद असे. ऑनलाइन कंपन्यांचा खरा अन्याय त्याच्या मते हाच, की त्या माणसाच्या झोपेच्या वेळीही चालू असतात.

सर्व कारणे संपली की वास्तुदोष येतो, कारण दार दक्षिणेला, थेट अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून होते. आता त्याच गाळ्यात, त्याच दारामागे, एका तरुणाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान दुपारीसुद्धा गजबजलेले असते. शेठकडे याचेही स्पष्टीकरण तयार आहे: जागेची साडेसाती त्याने स्वतः भोगून संपवली, तेव्हा नव्या भाडेकरूने त्यापोटी महिन्याला काहीतरी द्यायला हरकत नव्हती.