कोपराला गूळ

माझं गाव पाम, बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातलं. मुंबईच्या नातेवाइकांना हे नाव सांगितलं की ते न चुकता तोच विनोद करतात, "मग तुमच्याकडे पाम संडे बारा महिने असेल!" झावळ्यांच्या रविवारी हातात झावळी धरून मिरवणुकीत चालताना मला हे आठवतं आणि हसू येतं. त्या दिवशी निदान हातात काय धरायचं ते ठरलेलं असतं. उरलेले रविवार रिकाम्या हातांचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता.

एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट, गॅस्केट आणि बेअरिंगं मोजत मी निवृत्त झालो. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला कप्पा असतो, कप्प्याला नंबर असतो. घरी आल्यावर आठवडाभरात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. हळदीच्या डब्यावर शिल्लक लिहायला घेतली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, देवानं इतका वेळ दिलाय, तर चर्चमध्ये काहीतरी सेवा करा. माझ्या हळदीचा हिशेब मी ठेवीन."

मी गायकवृंदापासून सुरुवात केली. तिथं बहुतेक सगळी कॉलेजची मुलं. दुसऱ्या रविवारी पेटी वाजवणारी मुलगी अदबीनं म्हणाली, "काका, तुमचा आवाज चांगलाय. फक्त तो गाण्यात बसत नाही." तिसऱ्या रविवारी मला मागच्या रांगेत उभं केलं. तिथून काढायची वेळ आली नाही, कारण तिथं माझ्या मागे भिंतच होती.

मग वाचन मागून घेतलं. चष्मा पुसून, घसा साफ करून व्यासपीठावर गेलो. जुन्या करारातला उतारा होता, वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. मी प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबून मान डोलवत होतो. मिस्सा संपल्यावर जुना सहकारी भेटला. म्हणाला, "छान वाचलंस. वार्षिक स्टॉक टेकिंगची आठवण झाली."

धर्मशिक्षणाच्या वर्गात एकच तास टिकलो. नोहाच्या तारवाची गोष्ट रंगात आली होती. दुसरीतल्या एका पोरानं हात वर केला, "सर, नोहानं डासांची जोडी कशाला घेतली?" आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी दार उघडं ठेवून पाहा, म्हणजे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे ते कळेल. मला उत्तर आलं नाही. खरं तर मीही तोच विचार करत होतो.

माझ्या आजीला असले प्रश्न कधी पडले नाहीत. तिच्या उमेदीत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, धर्मगुरूंचं तोंड वेदीकडे असायचं. ती बाकावर बसून रोझरीचे मणी ओढायची. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. उपासना लोकांच्या भाषेत आली, आणि लोकांनी नुसतं बसून चालणार नाही असंही ठरलं. वाचक आले, परिषदा आल्या, समित्या आल्या. त्यांच्या मागोमाग 'माझी जागा कुठली' ही बेचैनीही आली.

तशी समितीची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पाहा. यरुशलेमच्या मंडळीत रोज जे अन्नवाटप होई, त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरबुर सुरू झाली. मग सात माणसं निवडली गेली. म्हणजे कार्यकर्त्यांची ही पहिलीवहिली निवड पंगतीत कुणाच्या पानात पडलं नाही यावरून झाली. गावजेवणाचा अनुभव असलेल्या कुणाही मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. पण त्या अध्यायात एक गोष्ट मला नीट दिसायला वेळ लागला. 'मला काय शोभेल' असं त्या सातांपैकी कुणीच विचारत नाही. पान रिकामं कुणाचं आहे, हे आधी पाहिलं गेलं.

पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिताना मंडळीची तुलना शरीराशी केली. डोळा हाताला 'तुझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही, वगैरे. प्रवचनात हे ऐकताना आपण प्रत्येक जण मनातल्या मनात जीभ नाहीतर डोळा असतो. मीही होतो. तीन ठिकाणांहून परत आल्यावर जाणवलं की मी बहुधा कोपर असावा. दिसण्यात रुक्ष, आणि गायकवृंद, व्यासपीठ वगैरे म्हणजे त्याला लावलेला गूळ. दिसतो, वास येतो, जीभ मात्र पोचत नाही.

या दिवसांत मला आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचा आधार वाटला. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात घ्या, ही त्याची विनंती काही मान्य झाली नाही. मग त्यानं व्यापार केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघानं त्याला ब्रदर म्हणून घेतलं. तो धर्मगुरू कधीच झाला नाही. पण १५९३मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता हे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी वकिलातीवर निघाले तेव्हा दुभाषा म्हणून हाच बरोबर होता. आधीच्या खटपटीत आणि व्यापाराच्या धावपळीत कमावलेली जपानी भाषा ऐन वेळी कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२मध्ये चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. एक दार उघडेना म्हणून तो रुसून बसला असता, तर त्या दुसऱ्या दारापाशी दुभाषा कोण झालं असतं?

माझी गोष्ट एवढी थोर नाही, ती एका पावसाळी रविवारची आहे. उशीर झाला, बसायला जागा नव्हती, म्हणून दारातल्या खांबाला टेकून उभा राहिलो. शेजारी तीन-चार पोरं भिजून उभी होती. पायांत सेफ्टी शूज, म्हणजे रात्रपाळी करून आलेली. मी सवयीनं हटकलं, "काय पाहिजे?" मग त्यांचे चेहरे पाहून हिंदीत विचारलं. झारखंडची पोरं होती, कंत्राटावर आलेली. मिस्सा मराठीत, त्यांना धड कळत नव्हती, आणि आत जायला संकोच वाटत होता. एकाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. त्याला दवाखान्यात कुठला कागद दाखवायचा ते ठाऊक नव्हतं. तो कागद मी नोकरीत शेकडो वेळा भरला होता.

"काय पाहिजे?" हे दोन शब्द मी स्टोअरच्या खिडकीच्या जाळीआडून आयुष्यभर बोललो, बहुतेकदा खेकसून. माझी सेवा त्याच दोन शब्दांत होती, फक्त सूर बदलायचा होता. ती मी गाण्यात, वाचनात, नोहाच्या तारवात शोधत होतो. माझा कप्पा दाराशीच होता.

तेव्हापासून मी रविवारी अर्धा तास आधी जातो. खिशात पेन, वही आणि रिक्षावाल्यांचे नंबर. नव्या पोरांना पुढच्या बाकापर्यंत नेतो, त्यांच्या कानात वाचनाचा सारांश हिंदीत सांगतो. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना पायरीवर हात देतो. तो देताना कोपर वाकवावा लागतो, आणि आजीबाई नेमका तोच घट्ट धरतात.

परवा सणाच्या मिस्सेनंतर फादरांनी सगळ्या सेवेकऱ्यांची नावं वाचून आभार मानले. गायकवृंद, वाचक, फुलं सजवणाऱ्या बाया, मंडपवाले. माझं नाव त्यात नव्हतं, असं बायकोनं घरी येऊन सांगितलं. मला ते ऐकू आलं नव्हतं. मी बाहेर दोन आजीबाईंसाठी रिक्षा थांबवत होतो.