जुलैतला कूलर

मोहोळच्या बाजारपेठेतल्या कूलरवाल्याकडे जुलैतल्या एका दुपारी गिऱ्हाईक आलं ते तावातावानंच.

"ओ मालक, मे महिन्यात ४२ अंशांना तुमचा कूलर हुडहुडी भरवत होता. आता ३० ला घामानं आंघोळ घालतोय. मशीन बाद झालंय."

"मशीन तेच आहे, हवा बदलली. दारं-खिडक्या लावून बसता का?"

"मग काय गारवा रस्त्यावर सोडू?"

दुकानदारानं खिळ्यावरचे दोन तापमापक काढले. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं.

"ह्याला ताप आलाय का? पट्टी ठेवलीय!"

"पट्टीच आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की भराभर उडतं, पारा उतरतो. मे महिन्यात कोरडा ४२, ओला २२; तक्त्यात आर्द्रता साधारण १७ टक्के. आज कोरडा ३०, ओला २६, म्हणजे ७३ च्या आसपास. कूलरची धाव त्या ओल्या पाऱ्यापर्यंतच. तेव्हा वीस अंश उतरायला वाव होता, आता चार."

"७३ टक्के? म्हणजे हवेत पाऊण पाणीच! आपण काय मासे आहोत?"

"अहो, ३० अंशांना घनमीटरभर जागेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. त्या तिसातले ७३ टक्के, बावीसेक ग्रॅम. आणि तुम्ही खिडकी लावून कूलरची वाफ आत कोंडता, मग उरलेली जागाही भरते."

वेधशाळांतही झडपांच्या पांढऱ्या पेटीत हीच कोरडी-ओली जोडी टांगलेली असते. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याची. 'ट्रेझर आयलंड'वाल्या लेखकाचे हे वडील. त्याआधी, १७८३ मध्ये, सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञानं माणसाच्या केसानं आर्द्रता मोजण्यावर ग्रंथ लिहिला होता. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरडीत आखडतो. दोन-अडीच टक्क्यांचा खेळ, पण काटा हलवायला पुरतो.

दुकानदारानं हेही सांगितलं. गिऱ्हाइकानं टोपी काढून तुळतुळीत डोकं दाखवलं. "आमच्याकडं काटाच नाही. उपाय बोला."

"खिडकी उघडा, पाण्याचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा."

"एवढे पैसे मोजून पंखा?"

"मग एसी घ्या. तो हवेतली वाफच काढतो, नळीतून बाहेर पाणी टपकतं. दमट दिवसात बादली भरते."

गिऱ्हाईक विचारात पडलं. पावसाळ्यातही टँकरची वाट बघितलेला माणूस तो.

"ते पाणी कूलरला चालेल का?"