चौऱ्याहत्तर चाकांची वारी

आमच्या गल्लीत केबलची एक वायर गेली चार वर्षं बरोबर माझ्या टोपीच्या उंचीवर लोंबते आहे. अर्ज तीन झाले, पोच तिन्हींची आहे. आता उपाय सापडलाय. त्याचं वजन ७० टन.

८ जुलै २०१९ ला आपल्या महाराष्ट्रातून एक ट्रेलर निघाला. ७४ चाकं. वर ऑटोक्लेव्ह, म्हणजे अंतराळयानाचे हलके भाग उष्णतेनं नि दाबानं पक्के करणारा, शिट्टी नसलेला कुकर. उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहाच्या वर. जायचं तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात, सुमारे १७०० किलोमीटर. पोचला जुलै २०२० मध्ये. लॉकडाउननं आंध्रात महिनाभर अडवलं, तेवढं माफ.

तो निघाल्यावर दोन आठवड्यांनी चांद्रयान-२ उडालं आणि २० ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलंसुद्धा. त्या वाटेला केबलवाले नाहीत. इकडे निघताना आषाढी चार दिवसांवर होती, पोचेपर्यंत पुढचीही होऊन गेली. सरासरी दिवसाला पाच किलोमीटरही नाही. आमची सत्तरीची मावशी डोक्यावर तुळस घेऊन याच्या दुपटीनं चालते.

पण मावशीला पुलाखालून जाताना वाकता येतं. महामार्गावर पुलाखाली साधारण साडेपाच मीटर सोडतात, माल साडेसातचा. मंडळाची पोरं मूर्तीचा मुकुट फोल्डिंगचा करतात, शिवाय पुढे एक गडी असतोच: हातात बांबू, बांबूच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब, तोंडानं ‘थांब, थांब, घे!’ कुकरचा मुकुट काढता येत नाही. मग रस्त्याचाच काढावा लागतो. तीसेक माणसं बरोबर. वीज बंद करा, तार उतरवा, झाड आडवं आलं तर तोडा, खड्डा बुजवा, गाडी काढा, तार पुन्हा चढवा. एवढी कामं एका वर्षात कुठल्या वॉर्डात झालेली मी तरी पाहिलेली नाहीत.

मापाबाहेरच्या अशा मालाला वाहतुकीच्या धंद्यात ओडीसी म्हणतात. परवानगीशिवाय चाक हलत नाही. आमच्या गल्लीतली वायर, टपरी, दुकानाची पुढे आलेली पायरी, सगळंच मापाबाहेर. पण ते हलत नसल्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

म्हणून चौथा अर्ज केला: पुढचा कुकर आमच्या गल्लीतून न्यावा. सोबत नकाशा जोडला. क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवून तो नीट पाहिला, चौकावर बोट ठेवलं.

‘‘इथनं नाही जमणार, काका. साहेबांच्या वाढदिवसाची कमान आहे. दुसरा रस्ता दाखवा.’’