ओढेल किती, थांबेल किती

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसेनासे होतात. समोरून ऐकू येतात ती गाणी आणि मागून दिसते ती उसाची चालती भिंत. मधे कुठेतरी ड्रायव्हर आहे, हे गाण्यांच्या निवडीवरून ओळखायचं.

आमच्या दाजींचा ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा, स्वतःचं वजन अडीच टनांच्या आत. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून वीसेक टन ऊस.

"दाजी, हा नक्की किती ओढू शकतो?"

"पावणं, जेवढं भरतंय तेवढं वडतोय."

दाजींच्या लेखी विषय इथं संपला. मी मात्र हिशेबाच्या वहीचं कोरं पान मागितलं. आक्कानं ते दिलं, पण चहा द्यायची थांबली.

ट्रॅक्टर, रिकाम्या ट्रॉल्या आणि ऊस मिळून सत्तावीस टन धरले. चांगल्या डांबरी रस्त्यावर त्यांना नुसतं सरकवायला अर्ध्या टनाच्या आसपास ओढ पुरते. म्हणून तर सपाटीला सगळेच पैलवान. पण वीस मीटरला एक मीटर चढ आला की एकूण वजनाचा विसावा भाग मागे खेचू लागतो, म्हणजे आणखी सव्वा टनाच्या वर. एवढी ओढ इंजिन देतं, तक्रार नाही. खालचा गिअर टाकला की माणसाच्या चालीनं चढतं. तक्रार असते टायरची. मागच्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या काही हिश्शाएवढीच त्यांची पकड. कोरड्या डांबरावर हा चढ जेमतेम निघतो. फडातल्या ओल्या मातीत चाक जागच्या जागी फिरतं, आणि मग शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्याच्या मालकाला सकाळीच आपण बांधावरून शिव्या घातलेल्या असतात.

यावर ड्रायव्हरचं उत्तर तयार होतं: "ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला जास्त भरायचं. हूक दबतंय, चाक धरतंय." शास्त्र बरोबर आहे. फक्त हूक दबला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं आपल्याच विचारात सरळ जातात. त्यावर उपाय म्हणून बंपरवर एखाद्या पोराला बसवलेलं मी पाहिलं आहे. जगात लोक त्या जागी बिडाची वजनं लावतात. बिडाला घरी वाट बघणारी आई नसते, एवढाच फरक. उलट, मागच्या अंगाला जास्त भरलं तर हूक वर उचलला जातो आणि मागची पकडच जाते.

तरी हे सगळं ओढण्याचं झालं. गावात ट्रॅक्टरचा मोठेपणा ओढण्यावरच मोजतात. "आमचा लई भारी थांबतोय" असं पारावर कुणी सांगितलेलं ऐकलं नाही. दाजींच्या ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. सत्तावीस टन थांबवायचे ते अडीच टनांच्या ट्रॅक्टरनं, त्याच मागच्या दोन चाकांवर. ताशी पंचवीसच्या वेगाला सपाटीवर तीसेक मीटर तरी लागतील. वीसला एकच्या त्याच उतारावर त्याच्या दुपटीहून बरंच जास्त. शिवाय शेतात झटकन वळायला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर ती दोन पेडलं पट्टीनं जोडायची असतात. दाजींची पट्टी कुठं आहे विचारलं तर ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली निघाली.

"उताराला न्यूट्रल करतोय, डिझेल वाचतंय," ड्रायव्हर अभिमानानं म्हणाला. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं असतं, नाहीतर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत आडवा करतात, असं मी सांगितलं. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

या गणितातली खरी मेख अशी की ऊस किती भरला हे फडात कुणालाच ठाऊक नसतं. वजन कळतं ते कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे सगळे चढउतार पार झाल्यावर. दाजी संध्याकाळी चिठ्ठी घेऊन आले ते भडकूनच.

"काट्यात टनभर मारला! वीस भरतोय म्हणजे एकवीस असणार. माझा अंदाज चुकत न्हाई!"

"म्हणजे दाजी, उताराला अठ्ठावीस टन होते," मी वही उघडली.

दाजींनी चिठ्ठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "उताराला वीसच हुतं," ते म्हणाले. "एकवीस हुतं ते काट्यावर."